मानेमागची रेघ

४ ऑगस्ट
आली मेल. एन.टी. स्कॅनच्या सर्टिफिकेटचं नूतनीकरण अडलं. तीन फोटो पाठवले होते, दोन नापास. शेरा काय, तर खूण रेघेवर नाही. म्हणजे बारा आठवड्यांच्या बाळाच्या मानेमागचं पाणी मोजताना मी खूण भलतीकडेच ठेवली. मी! निम्मं सोलापूर माझ्या टेबलावर झोपून गेलंय, आणि मला रेघ दिसत नाही म्हणे. आता नवे फोटो पाठवायचे, तेही नापास झाले तर एन.टी. बंद. स्क्रीनच बिघडलाय. इंजिनिअरला बोलावलं.

६ ऑगस्ट
इंजिनिअर येऊन गेला. "मॅडम, मशीन एकदम ओके." वर चहा पिऊन गेला.
मग?

७ ऑगस्ट
सोनोग्राफीच्या खोलीतली खिडकी. सहज डावा डोळा झाकला. गज मधोमध वाकले. उजवा झाकला, सरळ. पुन्हा केलं. तेच. शिरीषला सांगितलं नाही. नवरा चांगलाय, पण पोटात काही राहत नाही त्याच्या.

११ ऑगस्ट
उजवा मिटून तपासतेय. शबाना माझी जुनी मदतनीस, तिच्या नजरेतून काही सुटायचं नाही. "क्या मॅडम, बच्चे को आँख मारते क्या?" टेबलावरची बाई खुदकन हसली. मीही हसले. डोळे दाखवायला हवेत, कळतंय. पण काय सांगतील ते ऐकायचं नाहीये मला.

१८ ऑगस्ट
फोटो पाठवले. निवडून निवडून. देवा, एवढ्या वेळी सांभाळ.

२९ ऑगस्ट
पास! शिरीषनं पेढे आणले, शबानानं सर्टिफिकेट भिंतीवर लावलंसुद्धा. वाटलं होतं, भीती जाईल. कुठली जातेय, वाढलीच. आता मला दिसतं असं लेखी आहे.

२ सप्टेंबर
उजनीकाठच्या गावातली सून. आधी दोन गर्भपात. सोबत सासू.
मानेमागचं पाणी मोजलं, २.८ मि.मी. परत मोजलं, ३.४. एक आकडा म्हणतो निवांत घरी जा, दुसरा म्हणतो पोटात सुई घालून तपासा. उजवा मिटून तिसऱ्यांदा बघायला गेले तर ताणून ताणून डाव्यालाच पाणी. "बाळ नीट वळलेलं नाही, उद्या या," म्हणाले. साफ खोटं.
सासू म्हणाली, "ऱ्हातो की पाव्हण्यांकडं. पर भ्यायासारखं काय न्हाय न्हवं?"
"नाही नाही," म्हटलं. भ्यायलेय मी.

३ सप्टेंबर
सकाळीच केतकरला फोन केला. कॉलेजपासूनचा मित्र, तोही एन.टी. करतो. म्हटलं, दोघी येतील, तूच मोज.
"तू असताना माझ्याकडं कशाला?"
सांगून टाकलं. पहिल्यांदाच मोठ्यानं. तो म्हणाला, "पाठव त्यांना. आणि तू आधी डोळे दाखव, आजच." आणि मग, "कधीपासून आहे गं हे?"
माहीत नाही. खरंच माहीत नाही. ऑगस्टमध्ये कळलं, पण होतं कधीपासून? जूनमध्ये होतं? एप्रिलमध्ये? 'सगळं छान आहे' म्हणून किती जणींना हसत घरी पाठवलं.
एप्रिलमधल्या बायकांना आता आठवा महिना लागला असेल.