काडीचा भार

१० नोव्हेंबर १९२७
आलो एकदाचा! शिरपूरहून बैलगाडीने हाडं खिळखिळी झाली, पण चौकी पाहून शीण उतरला. सातपुड्याच्या पायथ्याशी कौलारू खोली, पुढे ओटा, मागे सागाचं राखीव जंगल. जंगलखात्याचा नाकेदार म्हणजे इथला राजाच. चाळीसगावची सासुरवाडी म्हणत होती, जावई रानात काय दिवे लावणार? आता येऊन बघा म्हणावं. वीस तारखेला, रविवारी, प्रमिला मुलीला घेऊन येते आहे. बाळंतपण माहेरी झालं, त्यामुळे पोरीचं तोंड मी अजून पाहिलेलं नाही. पाळण्यासाठी आढ्याला दोर मात्र बांधून ठेवला.

१२ नोव्हेंबर
रखवालदार भुराबरोबर रानातल्या पायवाटा पालथ्या घातल्या. सागाची पानं गळू लागली आहेत; पाय टाकला की पापड मोडल्यासारखा आवाज होतो. नाल्याच्या वळणावर वाळक्या काड्यांचा कमरेएवढा ढीग दिसला. भुराने एक हिरवी डहाळी मोडून त्यावर ठेवली आणि मान वर न करता पुढे गेला. मागून मोळी घेऊन येणाऱ्या पाड्यावरच्या गुंताबाईनेही ठेवली. विचारलं तर म्हणाली, इथे मगन लाकूडतोड्याला वाघाने मारलं. असं कुणी मेलं की त्या जागी येणाऱ्या-जाणाऱ्याने काडी टाकायची. "भाऊ, भार ठेवा त्यानावर, नहीते तो उठी." मला हसूच आलं. मेल्यावरही माणसाचं ओझं चुकत नाही म्हणायचं! मी काही काडी टाकली नाही.

१४ नोव्हेंबर
जाळरेषेचं काम सुरू केलं. पुढे वणवा पसरू नये म्हणून वाटेच्या कडेचा पाचोळा आताच जाळून टाकायचा असतो. तो ढीगही मी पेटवला. भुरा हातापाया पडला. मी म्हटलं, साहेबांच्या हुकुमात देवाधर्माला सूट नाही. तो निघून गेला. निखारे विझेपर्यंत मी एकटाच थांबलो. परतताना मागे पाचोळा वाजत होता. माकड असेल.

१५ नोव्हेंबर
आजही वाजला. मी थांबलो की तोही थांबतो, पण एक पाऊल उशिरा. जनावर असं टाच टेकून चालत नाही. भीती वाटली, खोटं कशाला बोलू? भुरा कामावर आला नाही.

१६ नोव्हेंबर
ताठा सोडला. हिरव्या डहाळ्या नेऊन त्या राखेवर ठेवल्या, हात जोडले. राख खचली. खाली खड्डा होता, माणूस मावेल एवढा, रिकामा. येताना पावलं इतकी जवळ, की मानेला श्वास लागत होता. प्रमिला याच वाटेने येणार—

१७ नोव्हेंबर
रात्रभर घराभोवती पाचोळा वाजला. ओटा तर मी कालच झाडला होता. आज शिरपूरला जाऊन प्रमिलाला तिथेच थांबवणार. निघतो.

१८ नोव्हेंबर
काल अर्ध्या वाटेवरून पळत परत आलो. उंबऱ्यावर पाय ठेवला तोच पाठीवर ओझं पडलं. पुढचं आठवत नाही. सकाळी अंग हलकं, भूक नाही, मागची पावलंही नाहीत. सुटलो बहुतेक! भुरा आला, दारात बसून रडला. हाका मारल्या, बघेना. ओट्यावरून चार जणांनी काहीतरी चादरीत गुंडाळून नेलं. चादर माझी होती.

१९ नोव्हेंबर
उंबऱ्यावर हिरव्या डहाळ्या. जो तो ठेवून जातो, मान खाली. गुंताबाईला ओरडून सांगितलं, अक्का, मी इथेच आहे! ती माझ्या आरपार बघत राहिली. एकेक डहाळी पडते आणि छातीवर भार येतो. उंबरा ओलांडता येत नाही—

२० नोव्हेंबर
गाडी आली. प्रमिला. कपाळ उघडं—
पोर कडेवर. टोपड्यात तोंड दिसत नाही. जरा इकडे फिरव गं, एकदाच—
गुंताबाई तिच्या कानात सांगते आहे. काय ते मला ठाऊक—
नको. प्रमिला, नको—
तिची काडी पडली. श्वास—
आता पोरीच्या मुठीत काडी देते आहे— मूठ उघडते आहे— पोरी, टाकू नको, मी तुझा बा