सहाशे पानं आणि एकही मरण नाही

प्रिय आत्यास,

साष्टांग नमस्कार. (कंबर धरली आहे, तेव्हा तूर्त तो कागदावरच घातला असं समज.) तुझा गुडघा कसा आहे? नव्या डॉक्टरांशी अबोला संपला का? मी ठीक आहे, कादंबरीचं मात्र काही सांगवत नाही.

जहाजावर गेलेल्या बापाची वाट बघणाऱ्या मुलीची ती तुझी जाडजूड इंग्रजी कादंबरी, राणी व्हिक्टोरियाच्या काळातली, टीव्हीवर दीड तासाचा कौटुंबिक चित्रपट होऊन येतेय. पटकथा माझी आहे, निदान होती. निर्मातीबाईंनी माझा सारांश वाचून आधी मरणारी माणसं मोजली. तीन निघाली. लोक जेवता जेवता बघतात, घास अडकेल, असं त्यांचं म्हणणं. मग मरणारे आजोबा नोकरीतून निवृत्त झाले, बुडणारा मामा शिंकत बाहेर आला आणि क्षयाने जाणाऱ्या बाईंची बदली झाली. (बदलीच्या गावची हवा चांगली आहे, हे वाक्य मी हट्टाने घातलं. तेवढंच माझं साहित्य.) चित्रीकरणाच्या पहिल्याच दिवशी धुक्याचं यंत्र असं काही पेटलं की शेजाऱ्यांनी अग्निशमन दलाला बोलावलं. ते जवान दिग्दर्शकाला इतके आवडले की आता बंदरावरच्या गर्दीत तेच उभे आहेत, आमच्या नटांपेक्षा बरे.

शेवटाच्या वेळी मात्र मी टेबलावर हात आपटला. मूळ शेवटाला धक्का लागला तर माझं नाव काढा, म्हणालो. बाईंनी शांतपणे शेवट विचारला. मी सांगितला. त्या चष्मा पुसत म्हणाल्या, “अहो, बाप घरी येतोय, तर मी कशाला हात लावू?” आयुष्यात पहिल्यांदा मी भांडण जिंकलं, आत्या, आणि तेही साहित्यासाठी.

तुझा,
भाचा

ता. क. : तुझ्या प्रतीची शेवटची चाळीस पानं नाहीतच. शेवटाचं चित्रीकरण शनिवारी आहे. माळ्यावर सापडली तर लगेच पाठव. मला शेवट ठाऊक आहे तो तू सांगितलेला. तेव्हा मी सात वर्षांचा होतो, आई दवाखान्यात होती, आणि तू उशाशी बसून वाचत होतीस.

पुन्हा ता. क. : पाकीट चिकटवायच्या आत ग्रंथालयातून दुसरी प्रत आली. बाप येत नाही. पानं शोधू नकोस. निर्मातीबाई खात्री करायला तुला फोन करतील. मला सांगितलं होतंस, तेच त्यांनाही सांग.