पंखावर कोरलेलं अक्षर

विचिटा, रविवार

मारिसेल,

शुक्रवारपासून तुला फोन करायची हिंमत झालेली नाही.

विमानाच्या पंखाचा तो पत्रा तू वर्षभर यंत्रावर वाकवत होतीस, तडा कधी जातो ते बघायला. त्यावर साधा ओरखडाही चालत नाही, हे कॉलेज अर्धवट सोडलेल्या मलाही ठाऊक होतं. तरी लोक झाडावर कोरतात तसं मी कोपऱ्यात तुझ्या नावाचं पहिलं अक्षर कोरलं. शुक्रवारी तडा तिथूनच गेला.

वर सगळ्यांसमोर मीच ओरडलो, "पत्राच भिकार आहे, विकणाऱ्याला झोडा."

आपले प्रमुख हर्शेल भिंगातून बघत म्हणाले, "पत्र्याला लिहिता येतं का रे, ट्रेंट?"

तू माझ्याकडे पाहिलंस आणि म्हणालीस, "खूण माझीच आहे. चुकलं माझं." वर्ष तुझं वाया गेलं, बोलणीही तूच खाल्लीस.

मला वाटलं, प्रेमापोटी वाचवलंस. गाडीपाशी तसं विचारलं, तर म्हणालीस, "तुला काढून टाकलं असतं रे. तुझ्याकडे दुसरं आहे काय?"

तेव्हापासून मान वर होत नाही. हे पत्र धाडणार नाही. तुला एकटीला सांगणं म्हणजे पुन्हा तुझ्याआड लपणं. उद्या हर्शेलना सगळ्यांदेखत सांगेन. नोकरी जाईल त्याचं काही नाही. तू तिथेच उभी असशील, तेच अवघड आहे.

ट्रेंट