ढालीवरची मोरपिसे

मी, उल्का संजय दहिवडकर, वय सत्तेचाळीस, राहणार श्रूजबरी, मॅसॅच्युसेट्स, पूर्ण शुद्धीवर आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहीत आहे. पुढच्या आठवड्यात माझे ऑपरेशन आहे. डॉक्टर साधे आहे म्हणाले. दोनदा म्हणाले, म्हणून लिहीत आहे.

१. घर आणि बँकेतील ठेव माझी मुलगी निधी हिला. संजय गेल्यापासून आम्ही दोघीच आहोत.

२. शिलाई मशीन मैत्रीण आश्लेषाला. टाचण्यांचा डबाही द्यावा. तो मुळात तिचाच आहे.

३. दिवाणखान्यातील तसबीर. माझे धाकटे दीर गिरीश यांनी घराण्याची निशाणी म्हणून ती सगळ्या नातेवाइकांना वाटली. ढाल, दोन सिंह, वर मोरपिसे. निधीने यशोधनशी लग्न ठरवले तेव्हा भावोजी म्हणाले, "त्यांचं देवक मोरपीस, आपलंही मोरपीस. एका देवकात सोयरीक होत नाही, वहिनी." काकाचा शब्द निधीला मोडवत नाही. लग्न तेव्हापासून अडून आहे. यशोधन शाळेत संगीत शिकवतो. तो सर्जन असता तर भावोजींना ही पिसे दिसली असती का, याची मला शंका आहे.

चित्र कशावरून काढले, मी विचारले.

"जुन्या मोहरेवरून."

"मोहोर कुठे आहे?"

"पुण्याच्या लॉकरमध्ये."

तो लॉकर सासूबाईंनी माझ्यासमोर रिकामा केला होता. त्यात मोहोर नव्हती.

शिवाय भावोजींच्याच लग्नात मामंजी नव्हते, म्हणून देवकाला संजय आणि मी बसलो. मांडवात कळंबाची डहाळी होती. तिला हळदकुंकू मी वाहिले आहे.

"मला काय माहीत, मी हळद लावून बसलो होतो," भावोजी म्हणाले. मग हळूच, "वरती मोकळं मोकळं दिसत होतं. आर्टिस्टने पिसं टाकली. छान दिसली."

"हे निधीला सांगा."

"बघू."

त्या 'बघू'वर माझा विश्वास नाही. म्हणून नोंदवते: आपले देवक कळंब आहे. या लग्नाला माझी संमती आहे. मी नसले तरी ते पुढे ढकलू नये.

४. गिरीश भावोजींना मी काही ठेवत नाही. रागाने नव्हे. ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, असे वकीलबाई म्हणाल्या, आणि मला साक्षीदार म्हणून तेच हवेत. त्यांनी कलम तीन निधीसमोर मोठ्याने वाचावे, मगच सही करावी.

श्रूजबरी, दि. ९ ऑक्टोबर २०२५

सही: उल्का सं. दहिवडकर

साक्षीदार:
१. वसुधा गुरुदत्त पाटणे, शेजारी
२. गिरीश दहिवडकर. निधीसमोर वाचले. तसबीर मी आजच घेऊन जातो.