वैनगंगेवर पाहिलेली सोयरीक

गडचिरोली,
१७ नोव्हेंबर, सोमवार

आदरणीय मुजफ्फरभाईंना, धाकट्या बहिणीचा नवरा वहाब याचा अदबीनं अस्सलाम आलेकुम.

इकडे सगळे खुशाल आहोत (माझं नाक सोडून, ते कालपासून वाहतं आहे, कारण पुढे येईल). तुमची शुगर, भाभीजानचा गुडघा आणि दुकानाचं गळकं छत, या तिघांची तब्येत कशी आहे ते कळवावं. फोनच केला असता, पण आमच्या घरात तुमचा नंबर मी लावतो आणि बोलते खातून. ही गोष्ट तिच्या कानावर जायला नको, म्हणून पत्र.

तुम्ही तुमच्या मोहल्ल्यातलं जे स्थळ फरहासाठी सुचवलंत, तो सलमान, त्याच्याविषयी लिहितो आहे. मुलगा वरोऱ्याचा, दोन वर्षांपासून इथे गडचिरोलीत नोकरीला, काम पक्षी मोजणं. (खातूननं तीनदा विचारलं, "मोजून झाल्यावर काय करते?") तुम्ही पाठवलेला फोटो आम्ही उजेडात, अंधारात, चष्मा लावून आणि काढून पाहिला. त्यात त्यानं डोळ्यांना दुर्बीण लावलेली आहे. दिसते ती फक्त हनुवटी. हनुवटी चांगली आहे, पण हनुवटीला मुलगी कशी द्यायची? फरहा कॉलेजात जीवशास्त्र शिकवते आणि रविवारी याच मंडळींबरोबर पाखरं पाहत फिरते, म्हणून तिला विचारलं. ती म्हणाली, "अब्बा, रविवारी वैनगंगेवर मोजणी हाय. थंडीची बाहेरगावची पाखरं आली. पहिल्या डोंग्यात सलमान राहीन. तुम्हीच येऊन पाहा. पण कोणाले काही इचारायचं नाई, चौकशी करायची नाई." मी लगेच कबूल केलं. ती इतक्या सहज कशी तयार झाली, याचा विचार तेव्हाच करायला हवा होता.

मुलीचा बाप म्हणून मी ईदचा पांढरा कुर्ता, वर काळं जाकीट आणि अत्तर अशा तयारीनं पहाटे घाटावर पोचलो. पहिला डोंगा, म्हणजे लहानशी होडी, सोनीबाईचा. ही बाई लहानपणापासून याच नदीत मासे धरते. तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "चाचा, पाखरं पाहाले चालले का निकाह लावाले? मधात बसा, अन् हलू नोका." फरहा मागच्या डोंग्यात बसली. आमच्या डोंग्यात दोन तरुण. एक उंच, गोरा, गळ्यात बंदुकीएवढा कॅमेरा, आणि अंगात खिशांचं जाकीट. (खिसे मी मोजले. अकरा. डावीकडचे तिन्ही तिरपे शिवलेले.) दुसरा सावळा, मिशीवाला, मांडीवर वही घेऊन गुमान बसलेला. दोघंही एकमेकांना "सर, सर" म्हणत होते, त्यामुळे नावं कळायची सोय नव्हती. पण मी एकतीस वर्षं माणसांची मापं घेतो आहे. हनुवटी मी ताबडतोब ओळखली. कॅमेरावाला.

मग मी पाखरांकडे पाठ केली आणि त्याला निरखू लागलो. पहिल्या तासात त्यानं सोनीबाईला चार वेळा "डावीकडे घ्या" आणि पाच वेळा "उजवीकडे घ्या" म्हटलं, एकदाही "बाई" म्हटलं नाही. मला एकदा खांद्याला धरून बाजूला सारलं, जसा खिडकीचा पडदा सारतात. मी त्याच्या मनात भरावं म्हणून दुर्बीण घेतली आणि ओरडलो, "तो पाहा, केवढा काळा पक्षी, एका पायावर उभा!" त्यानं पंचवीस-तीस फोटो काढले. जवळ गेलो तर खुंटाला अडकलेली काळी प्लास्टिकची पन्नी. माझ्याकडे न पाहता तो ते एकेक करून पुसू लागला. वहीवाला मात्र म्हणाला, "चाचा, पयल्या वर्षी मी बी हिले करकोचा म्हणून लिवलं होतं." मला बरं वाटलं.

ऊन वर येऊ लागलं आणि रेतीच्या बेटाला वळसा घातला तर समोर राजहंस. भाऊ, खोटं सांगत नाही, मी तोवरचं सगळं विसरलो. शेदोनशे असतील, डोक्यावर दोन-दोन काळे पट्टे. वहीवाला हळूच म्हणाला, "हिमालयाच्या वरून उडत येतात, चाचा." सोनीबाईनं वल्हं थांबवलं. आणि त्या शांततेत माझा फोन वाजला. खातूनचा. (दळण आणायचं राहिलं होतं.) फोन जाकिटाच्या आतल्या खिशात, म्हणून मी उभा राहिलो. सोनीबाई ओरडली, "अरे, बसा ना जी!" तेवढ्यात सगळे राजहंस वर आणि मी खाली.

पाणी बर्फासारखं गार. मी कलमा म्हणून घेतला. वर पाहतो तर आपला उमेदवार दोन्ही हातांनी कॅमेरा डोक्यावर धरून बसलेला. आणि तो मिशीवाला, वही दातांत धरून, चपलांसकट पाण्यात. "चाचा, पाय टेकवा. कमरेएवढंच हाय." टेकवले. खरंच कमरेएवढंच होतं.

रेतीवर त्यानं मला त्याचा शर्ट दिला, आणि कुडकुडताना माझ्या तोंडाचा ताबा सुटला. मी त्याला सगळं सांगितलं, की तो कॅमेरावाला माझा होणारा जावई, मी गुपचूप त्याला पाहायला आलो, आणि आता तूच सांग बाबा, सासरा बुडत असताना जो कॅमेरा सांभाळतो त्याला मुलगी द्यावी का? त्यानं वहीवरचं पाणी झटकलं. मग विचारलं, "चाचा, पोरीले इचारलं काय तुमी?" मी म्हटलं, "तिले काय इचारायचं? पाखरं पाहून राह्यली ते." तो माझा कुर्ता पिळत राहिला.

तर भाऊ, माझा निर्णय झाला आहे. मुलाच्या वडिलांना आमचा नकार कळवावा. भाभीजानना सलाम, मुलांना दुआ.

आपला,
वहाब

ता. क. पत्र पाकिटात घालत होतो, तेवढ्यात फरहानं ते हातातून घेऊन वाचलं. ती हसत खाली बसली ती उठेचना. कॅमेरावाला चंद्रपूरचा कुणी सुनील आहे, बँकेत नोकरीला, त्याला दोन मुलं आहेत. सलमान म्हणजे वहीवाला. मिशी त्यानं फोटोनंतर ठेवली. नकार कृपया कळवू नये.

दुसरा ता. क. मग मी तिला विचारलं, आधी विचारायला हवं होतं ते. तिचा होकार दिवाळीतच देऊन झाला आहे. अडलं आहे ते त्याच्याकडून. "त्यानं म्हटलं होतं, पोरगी पाहिली, आता बाप पाहू दे. म्हणूनच तर तुम्हाले त्याच्या डोंग्यात बसवलं." त्याचं उत्तर अजून आलेलं नाही. आज-उद्या त्याच्या घरचं कुणीतरी तुमच्याकडे माझी चौकशी करायला येईल. आपल्या नात्याला एकोणतीस वर्षं झाली, मी कधी काही मागितलं नाही. माझ्याविषयी काहीतरी चांगलं सांगा. लगेच आठवलं नाही तर आधी चहा ठेवायला सांगा, तोवर आठवेल.