कमलची जखम आधी भरली

डिलाईल रोड,
रविवार, १८ मार्च १९५६

तीर्थरूप दादास सुभद्राचा नमस्कार.

इकडे सगळे ठीक आहे, माझी नडगी सोडून. तोंडावर बोलले तर तू मला गप्प बसवशील, म्हणून लिहिते. वहिनीने निरोप धाडला तसे वांगे बंद, सुकट बंद. दोन महिने मासळीशिवाय काढले, आणखी काय करू? रोज दगडीपाला वाटून लावते. तरी जानेवारीच्या मोर्चात बसलेल्या त्या एका लाठीची जखम अजून ओलीच आहे.

शेजारच्या खोलीतली कमल माझ्याबरोबरच होती. 'मुंबईसह महाराष्ट्र' ओरडून आमचे घसे बसले होते. तिचे डोके फुटले, सात टाके पडले. पुढे गिरणीतली नोकरीही गेली. ती सुकट खाते, मोठ्याने हसते, आणि तिची जखम वीस दिवसांत भरली.

परवा दवाखान्यात नर्सबाईंनी पट्टी सोडली आणि सरळ विचारले, "झोप लागते का गं?"

मी म्हटले, नाही.

"मग मलम काय करणार? जिवाला घोर असला की कातडी पण सांधत नाय. आधी तो घोर काय ते बघ."

दादा, घोर तुला माहीत आहे. आमच्याच गिरणीत तू जॉबर, खात्यातल्या माणसांवरचा मुकादम. माझी नोकरी वाचावी म्हणून तू कागद लिहून आणलास: 'मला मोर्चात कमलने ओढून नेले, मी माफी मागते.' त्या कागदावर मी राहिले आणि ती गेली. चूक एकट्या तुझी म्हणणार नाही. मी चौथी शिकलेय, वाचूनच सही केली. आणि खरे सांगू? ती नको नको म्हणत होती. तिला ओढून मीच नेले होते.

काल ऑफिसात दुसरा कागद दिला. मोर्चात मी माझ्या पायांनी गेले, कमलला मी नेले, माफी मागत नाही. साहेब म्हणाला, "सोमवारपासून येऊ नकोस." मी म्हटले, बरे.

कमललाही दोन्ही कागदांचे सांगितले. तिने तोंडावर दार लावून घेतले. अजून उघडलेले नाही. उघडेपर्यंत मी बाहेर बसणार, तिथेच बसून हे लिहिते आहे.

साहेब तुला बोलेल. ऐकून घे. जखम भरो न भरो, मी मागे फिरणार नाही. तू भाऊ आहेस, ये, जेवून जा. पण असला कागद पुन्हा माझ्या उंबऱ्याच्या आत आणू नकोस.

माफी न मागणारी,
तुझी धाकटी,
सुभद्रा