तोंडाजवळचं काम

४ जानेवारी

आज मास्तरसुद्धा धाकट्याच्या खुर्चीत जाऊन बसले! माझी खुर्ची रिकामी. मी टॉवेल झटकून उभा. आणि मास्तर म्हणतात, “बसतो जरा बाकावर. होऊ दे त्याचं, घाई नाही मला.” घाई नाही! शाळेची घंटा व्हायला आली तरी घाई नाही. शेवटी धाकट्याकडूनच दाढी करून घेतली. नोकरीला लागल्यापासून या माणसाच्या गालाला दुसऱ्याचा वस्तरा लागलेला नव्हता.

माझ्या हातात काय खोट आली? कधी ओरखडा काढला?

धाकट्याने मान वर करून बघितलंसुद्धा नाही. सख्खा भाऊ. वस्तरा कसा धरायचा ते मी शिकवलं त्याला, बोटाला बोट लावून.

७ जानेवारी

दिवसभरात माझ्याकडे दोघेच. एक नवखा, रस्ता चुकून आल्यासारखा. दुसरा सर्दीने बेजार — शिंका देऊन देऊन कात्री चालवू देईना. धाकट्याकडे मात्र रांग.

आणि आज कानाने ऐकलं. वकीलसाहेब आत आले, तर हा दाराशीच त्यांना हळूच म्हणतो, “दादाचा खांदा दुखतोय जरा. तुम्ही माझ्याकडेच बसा.”

माझा खांदा! माझ्या खांद्याला काय धाड भरलीय?

म्हणजे गिऱ्हाइकं आपण होऊन जात नाहीत. पळवली जातायत.

८ जानेवारी

हिला सगळं सांगितलं. ही कपड्यांच्या घड्या घालत होती. म्हणाली, “तसे नाहीत हो भाऊजी.” तेही खिडकीकडे तोंड करून. नवरा बोलतोय तर त्याच्याकडे बघावं माणसाने! हल्ली पाठ फिरवूनच झोपते. सगळे एकाला झाकावा आणि दुसऱ्याला काढावा असे.

१२ जानेवारी

ठरवलं. वाटणी. दुकानात मधोमध फळ्यांची भिंत घालायची. त्याचं तो, माझं मी. लेक येणार आहे चार दिवसांनी, ती परत गेली की बोलतो. तिच्यासमोर तमाशा नको.

१७ जानेवारी

काय लिहू.

लेक काल आली. दारातच गळ्यात पडली आणि लगेच मागे सरली. मला वाटलं, प्रवासाने दमली असेल. आज दुपारी ही बाहेर गेली होती. लेक समोर येऊन बसली. “बाबा, रागावणार नाही ना?” मला वाटलं सासरचं काही असेल. 

“बाबा, तुमच्या तोंडाला वास येतो. सिगारेटचा नाही. सडल्यासारखा. मागच्या खेपेलाच आला होता, पण माझी जीभ रेटली नाही.”

मी काय बोललो ते लिहीत नाही. बापाला शोभणारं नव्हतं. ती रडली, पण हटली नाही. “आई तुम्हाला कधी सांगणार नाही. काका तर मरून जातील पण सांगणार नाहीत. मग कोण सांगणार?”

उठून दुकानात गेलो. दुपारची वेळ, आत कोणी नव्हतं. माझ्या खुर्चीसमोरच्या आरशात ओठ वर करून बघितलं. जन्म गेला या आरशासमोर — दुसऱ्यांची तोंडं बघण्यात! हिरड्या जांभळ्यालाल, सुजलेल्या. दात लांबट झालेले, म्हाताऱ्या घोड्यासारखे. खालचा पुढचा एक बोटाने हलतो. हिरडी दाबली तर रक्त, आणि रक्ताबरोबर पिवळं.

ब्रशला रक्त लागतं ते कधीपासून लागतंय. वाटायचं, ब्रश कडक असेल.

आमचा धंदाच माणसाच्या नाकासमोर उभं राहण्याचा. वस्तरा गळ्याशी असताना बिचारा मान तरी कुठे वळवणार?

खांदा! माझा खांदा दुखतोय म्हणे. अरे धाकट्या!

१८ जानेवारी

दुकानात गेलो नाही. अंगात कसकस आहे म्हणून निरोप धाडला.

२० जानेवारी

लेकीनेच हाताला धरून दाताच्या डॉक्टरणीकडे नेलं. डॉक्टरीण वयाने लेकीएवढीच. खुर्ची अशी की मागे रेलल्यावर आपण होडीत निजल्यासारखं वाटतं. आमच्या खुर्च्या तिच्यापुढे म्हणजे शिक्षाच.

बारीक खुणा असलेली एक बोथट सळई ती दात आणि हिरडी यांच्या मध्ये घालत गेली आणि शेजारच्या मुलीला आकडे सांगत गेली. “चार. पाच. रक्त. सात. रक्त.” निकाल वाचून दाखवतात तसं. नंतर समजावलं — निरोगी हिरडी दाताला घट्ट बिलगून असते. माझी सुटलीय. मध्ये खिसे झालेत, त्यात घाण साठते, कीटण दगडासारखं बसतं, आणि खालचं हाड झिजत जातं. फोटोत दाखवलं. गेलेलं हाड परत येत नाही म्हणाली.

विचारलं, “सगळे काढणार का?” 

“काढायला काय लागतं! राखायला वेळ लागतो. तुम्हाला राखायचेत ना?”

“मग ऑपरेशन?”

“आधी नाही. आधी खोल सफाई करू. हिरडीच्या खाली, मुळापर्यंत. बधिर करून, एकदा उजवी बाजू, एकदा डावी. मग घरी तुम्ही निगा राखायची. मग परत मोजू. बऱ्याच जणांचं तेवढ्यावर भागतं. त्यातूनही खिसे खोल राहिले तर हिरडी उघडायचा विचार करू. हलणाऱ्या दाताचं मात्र आज वचन देत नाही.”

साखर तपासून घ्या म्हणाली — साखर वाढलेली असली की हिरड्या दाद देत नाहीत. आणि सिगारेट बंद. “अर्धं काम माझं, अर्धं तुमचं. तुम्ही धूर काढत राहिलात तर माझंही अर्धं पाण्यात.”

लेक बाहेर बाकावर नखं खात बसली होती. तिच्या डोक्यावर हात ठेवला. 

२१ जानेवारी

साखर ठीक आहे. लेक गेली. जाताना परत गळ्यात पडली — या खेपेला मीच तोंड फिरवलं. म्हणाली, “असं करायचं नाही हं, बाबा.”

२४ जानेवारी

उजवी बाजू झाली. सुई टोचली तेवढंच दुखलं, मग अर्धं तोंड माझं नव्हतंच. आधी गुणगुणणारं यंत्र, पाण्याचे फवारे. मग हाताची हत्यारं. खरवडल्याचा आवाज थेट कवटीत! तिच्या हाताकडे बघत राहिलो. बोटाचा टेकू शेजारच्या दातावर, मगच हत्यार हलवायचं. आम्हीही वस्तरा धरताना करंगळी गालावर टेकतो. टेकू सुटला की रक्त निघालंच. हात चांगला आहे पोरीचा. भीती पळाली.

काढलेलं कीटण दाखवलं. काळं, करपलेल्या भांड्याच्या बुडासारखं. हे माझ्या तोंडात!

दुकानात आलो. चहा प्यायलो तर ओठावरून ओघळून शर्टावर. धाकटा बघत होता. म्हटलं, “दाताच्या डॉक्टरकडे गेलो होतो. हिरड्या सडल्यात माझ्या.”

त्याने हातातली कात्री खाली ठेवली. डोक्यावरचा हंडा कोणी उतरवून घ्यावा तसा चेहरा झाला त्याचा. एवढंच म्हणाला, “दुखलं का रे, दादा?”

मी याच्याविरुद्ध भिंत घालणार होतो.

२५ जानेवारी

आज विचारलंच. “मला का नाही सांगितलंस?”

बराच वेळ खुर्ची पुसत राहिला. मग म्हणाला, “दोनदा ठरवलं होतं. तू समोर आलास की जीभ टाळ्याला चिकटायची. बापाच्या जागी तू. तुला कोणत्या तोंडाने सांगू?”

“आणि खांदा?”

“काहीतरी सांगायला हवं होतं ना! नाहीतर लोक चौकातल्या नव्या दुकानात गेले असते. परत आले नसते. माझ्या खुर्चीत बसले तर निदान आपल्याच दुकानात राहतात. गल्ला तर एकच आहे आपला.”

गल्ला एकच. खरंय. हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं — पळवून नेणारा माणूस नेईल कुठे?

पण रागही आला. लाज राखायची म्हणून सगळ्यांनी मला तसंच सडू दिलं. म्हटलं तसं. तो म्हणाला, “चुकलंच.” 

३१ जानेवारी

डावी बाजू झाली. सगळ्यात खोल खिशांत औषध भरलं, आपोआप विरघळतं म्हणाली. गुळण्यांचं औषधही दिलंय, पण दोनच आठवडे. त्याने चहा गवतासारखा लागतो. दातांवर डागही धरतात म्हणे, ते नंतर निघतात.

आणि दातांच्या फटीतून घालायचे इवलेसे ब्रश. केस कापायच्या मशीनचे दाते साफ करायला आम्ही वापरतो तसलेच, फक्त बाहुलीच्या मापाचे. रोज प्रत्येक फट. ही शेजारी बॅटरी धरून उभी राहते. आज म्हणाली, “लग्नाच्या दिवशीसुद्धा एवढा वेळ आरशासमोर नव्हता तुम्ही!” हसलो. तिच्यासमोर, तोंड उघडून.

९ फेब्रुवारी

घात झाला! दातांमध्ये फटी पडल्यात. आधी नव्हत्या. गार पाणी तोंडात घेतलं की कळ मस्तकात. सफाईने होते नव्हते तेही दात गेले, असं वाटलं. डॉक्टरणीला फोन लावला. ती शांत. “सूज उतरली, म्हणून फटी दिसतात. त्या आधीच होत्या, सुजेने झाकल्या होत्या. मुळं थोडी उघडी पडलीत म्हणून कळ येते, कमी होईल. रक्त येतंय का?”

बघितलं. येत नाहीये.

१५ फेब्रुवारी

सिगारेट ओढली. अर्धी. सगळ्या जगाचा राग येतो हल्ली. आज एकाला म्हटलं, डोकं हलवू नका, खुर्चीला बांधून घालू का? धाकट्याने सावरून घेतलं.

१६ फेब्रुवारी

आज नाही ओढली.

६ मार्च

मास्तर आले. बाकावर बसणार, तर धाकटा हातातलं काम न सोडता मोठ्याने म्हणाला, “मास्तर, दादा मोकळा आहे. खांदा बरा झाला त्याचा!”

मास्तर घुटमळले. मग येऊन बसले. फेस लावला. वाकायची वेळ आली आणि मी श्वासच कोंडून धरला. हनुवटीपर्यंत पोचेतो डोळ्यांपुढे काजवे! शेवटी सोडला. काय व्हायचं ते होऊ दे.

मास्तरांनी मान वळवली नाही. उलट तोंड सुटलं त्यांचं — नवीन हेडमास्तर कसा आहे, सून कशी उलट बोलते, गुडघा कसा धरतो. वस्तरा गळ्याशी, आणि बोलणं चालूच! आधीचे मास्तर असेच होते. अधूनमधून नुसतं “हं, हं” म्हणत होतो. 

उठताना गाल चोळत म्हणाले, “हात तोच आहे रे तुझा.”

२८ मार्च

पुन्हा मोजमाप.  “तीन. तीन. दोन. चार.” रक्त हा शब्द शोधून काढावा लागला असता इतका विरळ. एका दाढेमागे खिसा अजून खोल आहे, तिथे आज परत खरवडलं. ऑपरेशनचं सध्या नाव नाही. हलणारा दात शेजाऱ्यांना बारीक तारेने बांधून टाकला. म्हणाली, किती साथ देतो बघू.

मी विचारलं, “म्हणजे बरं झालं?”

“बरं झालं म्हणून विसरायचं दुखणं नाही हे. सांभाळायचं आहे. दर तीन महिन्यांनी यायचं. फटी रोज साफ. चुकलात तर परत पहिल्यापासून.”

म्हटलं, दाढीचंही तसंच असतं. रोज उगवते म्हणून आम्ही जगतो. मास्कच्या आड हसली ती.

२९ मार्च

सकाळी जाग आली. ही झोपलेली होती. तोंड माझ्याकडे.

४ एप्रिल

दुकान आवरताना धाकटा म्हणाला, “दादा, आम्ही निघतोय. पुढच्या आठवड्यात. तिच्या माहेरी.”

त्याच्या बायकोची आई अंथरुणाला खिळून आहे, करणारं कोणी नाही, हे मला ठाऊक होतं. तिथे याने दुकानासाठी जागा बघून ठेवलीय हे ठाऊक नव्हतं. कधी बघितलीस म्हणून विचारलं. गेल्या वर्षी, म्हणाला.

“मग इतके दिवस थांबलास कशाला?”

“तुझ्याकडे कोण बसत होतं, दादा? मी गेलो असतो तर दुकान बुडालं असतं.”

भावजयही थांबली. तिकडे आई तशी, तरी ती इकडेच राहिली. कधी एका शब्दाने बोलली नाही.

जा म्हटलं. पाठीवर थाप मारली. मग त्याची खुर्ची मीच पुसली.